पानाआडची

क्रेटच्या डोंगरउतारावर, तांबडं फुटताच
कालिरोई मळ्यात जाते.
फुलं मिटायच्या आत खुडायची असतात;
ऊन चढलं की ती ओठ आवळून घेतात,
मग तांदूळ भरायला बोट शिरत नाही.

जुलैत झुकिनी कुणाचं ऐकत नाही.
काल करंगळीएवढी, आज मनगटाएवढी.
सोमवारी तिनं किसून, मीठ लावून, घट्ट पिळून वडे तळले,
पुदिना जरा जास्तच.
मंगळवारी बटाट्याच्या चकत्या, तिच्या चकत्या, मध्ये मऊ चीज,
वरून तीळ पेरून भट्टीत.
बुधवारी नुसती उकडून, लिंबू आणि तेल,
कारण बुधवारी तिला कंटाळा आला होता.

धाकटा दीर, स्तामातीस, गडग्यापलीकडे राहतो.
विहिरीच्या पाण्यावरून अकरा वर्षं अबोला.
तरी रोज संध्याकाळी गडग्यावर एक झाकलेली बशी असते
आणि सकाळी तीच, धुऊन पालथी घातलेली.
अळणी झालं असेल, तर बशीखाली मिठाचे दोन खडे.
एवढंच काय ते बोलणं.

ऑगस्टच्या अखेरीस खरखरीत पानाआड
एक सापडली, तान्ह्या मुलाएवढी.
साल नखाला दाद देईना.
हिचं आता काही व्हायचं नाही, ती स्वतःशीच म्हणाली,
आणि दोन्ही हातांनी उचलून
गडग्यावर ठेवून आली.

सकाळी बशी नव्हती.
वर्तमानपत्राच्या तुकड्यावर, चार दगडांखाली,
ओल्या बिया वाळत घातलेल्या.
तिनं मोजल्या नाहीत,
पण निम्म्याच होत्या.