नाव काढणे

घणसोली गावात, तळ्याच्या पलीकडे,
गुप्ते डॉक्टरांच्या दवाखान्यात
मी एकवीस वर्षं पेशंट पुकारते.
दिवाळीनंतर आणखी एक काम आलंय:
संध्याकाळची गर्दी आटपली की
जुने केसपेपर कॉम्प्युटरात भरायचे
आणि भरताना नाव काढायचं.

नियमांचा कागद टेबलाच्या काचेखाली आहे.
नाव नको, पत्ता नको, फोन नको.
जन्मतारखेऐवजी नुसतं वय.
तारखा मागेपुढे सरकवायच्या,
गुरुवारचा ताप सोमवारी न्यायचा.
पिनकोडाचे पहिले तीन आकडे चालतील:
चारशे,
म्हणजे कुलाब्यापासून इथवर सगळेच.

डॉक्टर म्हणाले, पुण्याची माणसं आहेत,
फुप्फुसांवर काम करतात.
खाणीतल्या धुळीचा हिशोब कुणी मांडला नाही,
आपल्याकडे तो बुटांच्या खोक्यांत पडून आहे.

कडा वाळवीनं खाल्लेल्या.
अक्षर असं की ते मला लागतं,
नाहीतर कोपऱ्यावरच्या औषधवाल्या शाहांना.
समासात मात्र डॉक्टर मराठीत लिहीत:
पैसे नंतर.
मुलगा ऐकत नाही.
सासूला बाहेर बसवून विचारणे.
खोकला कमी, बाकी तेच.
ह्याला रकानाच नाही.
पुण्याला फोन केला, पलीकडची मुलगी भली होती,
म्हणाली, ताई, ते सोडून द्या.
सोडते. वाचून सोडते.

माझे वडील म्हणायचे, पोरी, नाव काढ.
शाळेत काही जमलं नाही.
आता रोज चाळीस-चाळीस काढते.

एक ओळ अडली. पुरुष, एक्कावन्न,
पारसिकच्या डोंगरात सुरुंग लावणारा,
डाव्या हाताला दोन बोटं.
नाव काढलं तरी असा गावात एकच.
कोण ते मी इथेही सांगणार नाही.
डॉक्टर बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिले.
टाके त्यांनीच घातले होते.
बोटांचा फुप्फुसाशी काय संबंध, म्हणाले,
काढ.
काढली. उरलेली दोनही.

दारावर पाटी आहे, ज्यांना नको त्यांनी सांगावं.
दोघांनी सांगितलं. त्यांची खोकी
सुतळीनं बांधून माळ्यावर ठेवली.
तिसरी आली बारकूबाय मढवी, काठी आपटत,
वेगळंच भांडण घेऊन.
"बारा वरसांचा खोकला माजा हाय, लोकांचा नाय.
माजा नाव कशाला कारतंस?"
नियम सांगितला. काचेखालचा कागद दाखवला.
तिनं तो उलटा धरून पाहिला,
म्हणाली, मंग त्यांना कलंल कसा
की मी अजून जित्ती हाय?

मला उत्तर आलं नाही.
चहा मागवला. तिनं साखर वाढवून घेतली,
जी तिला मनाई आहे,
आणि तेही मी कुठे नोंदवलं नाही.

तेव्हापासून एक सवय लागली.
पुसायच्या आधी नाव एकदा मोठ्यानं वाचते,
जसं नंबर आल्यावर पुकारते तसंच,
आडनावासकट, दरवाज्याकडे तोंड करून.
बाकांवरून कुणी उठत नाही.
मग पुढचा कागद.

काल रात्री शटर ओढायला आलेला धोंडू
आवाज ऐकून आत डोकावला.
रिकामी बाकं पाहिली, माझ्याकडे पाहिलं.
अजून कोण राहिलंय का, मावशी?
राहिलेत, म्हटलं,
सहा-सातशे असतील.
तू कुलूप ठेवून जा.