दुसरं टोक

श्रीव्हपोर्टच्या लॉन्ड्रीत,
सहा नंबरच्या ड्रायरशेजारी,
दर मंगळवारी मी टेबल मांडते.
रक्तदाबाचं यंत्र, दंडाला बांधायचा पट्टा,
एक शंभरपानी वही.
मी नर्स नाही. एकतीस वर्षं शाळेची बस चालवली.
शिक्षण म्हणाल तर चर्चच्या तळघरात
सहा शनिवार.

आणि एक भाऊ.
रुफस, सत्तेचाळिसाव्या वर्षी
फ्रीजचं दार उघडं टाकून फरशीवर पडलेला.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात;
आमच्या घरात मीठच माणसांना जागलं,
वडील, मग काका, मग तो,
एकालाही विसरलं नाही.
पण एकट्या मिठाला तरी किती बोल लावू?
ताजी भाजी दोन बस बदलून,
डॉक्टर तीन.

धुणं व्हायला अठ्ठावीस मिनिटं लागतात.
तेवढ्यात माणूस जाणार कुठे?
बायका दंड पुढे करतात,
"सुनेला सांगू नकोस हं" म्हणतात.

क्लिओफस टिब्ज मात्र नाही.
चार महिने पाठ करून बसला.
"माझी आई त्या इस्पितळात मागच्या दारानं गेली,
काळ्यांसाठी तेच दार होतं तेव्हा.
चालत गेली होती."
मी वाद घातला नाही.

मग ऑगस्टात एकदा
तो पलंगाची मोठी चादर घेऊन उभा,
पिवळी, कडेला लेस,
हात ताणून, हनुवटीखाली दाबून
एकट्यानं घडी घालू पाहणारा.
चादर फरशीला लागत होती.
मी उठले. दुसरं टोक धरलं.
कोपऱ्याला कोपरा.
समोरासमोर चालत आलो,
बोटं बोटांना टेकली.
"व्हर्नेल असताना..." म्हणाला,
आणि बाही वर केली.

पट्टा फुगला, सुस्कारा टाकून सैलावला.
एकशे अठ्ठ्याहत्तर. खाली एकशे चार.
मी लगेच बोलले नाही.
पाच मिनिटांनी पुन्हा मोजलं. तेच.
मग सांगितलं.
"गुरुवारी दहाला. पुढच्या दारानं.
आत मी बसेन तुझ्या बाजूला."
तो ड्रायरकडे बघत राहिला;
काचेआड कुणाचा तरी एक मोजा
एकटाच गरगरत होता.

पुढच्या मंगळवारी आला.
खिशात गोळ्यांची बाटली खुळखुळत,
टोपलीत तीच पिवळी चादर,
आम्ही घातलेली घडी अजून न मोडलेली.
नाणी टाकली, मशीन सुरू केलं.
मी काही म्हटलं नाही.
अठ्ठावीस मिनिटं होती आमच्याकडे.