ओन्लीची जागा

हर्णै, नववी ब. फळ्यावर इंग्रजीतून:
हसनने लिलावात सुरमई विकली.
'ओन्ली' मुलांच्या हाती दिला, ठेवा कुठेही.

हसनच्या आधी ठेवला, बाकी होड्या रिकाम्या.
सुरमईच्या आधी, तर पापलेटं घरच्या कालवणात.
विकलीला चिकटवला
तर मासा धरला दुसऱ्याच कुणी.

प्रणिता दोरकुळकर म्हणाली,
बाई, आपला 'च' बरा.
कालव जसं, बसलं त्या खडकाचं,
कोयती मारल्याशिवाय सुटत नाही.
तुमचा ओन्ली म्हणजे नांगर नसलेलं होडकं.
हसलो सगळे.

रात्री वह्या तपासताना तिचा निबंध.
माय फादर ओन्ली केम बॅक.
लाल पेनाने बाण काढला,
ओन्ली उचलून बापाच्या आधी नेला.
चौघे गेले होते, तो एकटा आला,
गावाला ठाऊक आहे.

सकाळी वही घेऊन टेबलाशी उभी.
बाई, होतं तिथेच असू दे.
बाबा आले फक्त.
जाळ्याला हात लावत नाहीत,
जेवायला हाक मारली
की दाराकडे बघतात.

बाण खोडला मी.
आता त्या पानावर
खोडलेला बाणच जास्त दिसतो.