एकच क्रियापद

लोस्टॉफ्टच्या बंदरामागे, गल्लीच्या तोंडाशी
एनिड कॅचपोलचं लोकरीचं दुकान.
धुकं येईल, ‘आय थिंक,’ ती म्हणते,
म्हणजे नुसतं वाटतंय,
तेही गुडघ्याला.

भावानं दुकान विकायचा विषय काढला
तेव्हा म्हणाली, ‘आय विल थिंक अबाउट इट.’
मला वाटलं, आता विचार करील.
रॉयनं मात्र टोपी उचलली.
नकार त्यालाच कळला.

काचेच्या कपाटात चार बोटांचा एक हातमोजा:
विल्फनं विणलेला, लग्नाच्या विसाव्या वर्षी,
अंगठ्यापर्यंत पोचलाच नाही.
‘मोजायचा तो थॉट,’ म्हणते एनिड, बोटं नव्हेत.
इथे थॉट म्हणजे जीव लावणं असावं.
वहीत लिहून ठेवलंय, पेन्सिलीनं.

मग काल एक जुना खलाशी आला,
लोकर घ्यायला नव्हे, नुसताच.
म्हणाला, विल्फ तुला अख्खं जग मानायचा, एनिड.
तिथंही तेच क्रियापद.
ती गल्ल्यातले सुटे पैसे पुन्हा पुन्हा मोजत राहिली
जे त्याला द्यायचेच नव्हते.

माझ्या भाषेत मला वाटतं,
मी ते करत नाही; ते येतं, बसतं, उठून जातं.
तिच्या भाषेत तीच कर्ता.
दिवे घालवताना विचारलं, कसला विचार करतेस?
‘कसला नाही. जस्ट थिंकिंग.’
वाक्यात कर्मच नाही.

बाहेर धुकं उतरलेलं,
आणि ती गुडघा चोळत उभी.