बी बाजू, चौथं गाणं

श्रीकांत खळदकर वाईट गायचे.
हे मी शालीत गुंडाळून सांगणार नाही,
आपण पुण्यात आहोत.

खडकीच्या दारूगोळा कारखान्यात पहिली पाळी,
संध्याकाळी स्वतःचा वाद्यवृंद,
गणपतीचे दहा दिवस, एरवी बारसं, साठीशांत,
एकदा दापोडीत गॅस एजन्सीचं उद्घाटन.
वरचा सा दिसला की
सुटलेल्या पीएमटीमागे धावावं तसे धावायचे.
दांडा हाताला लागायचा,
पाय मात्र फरफटत यायचे.

एकोणनव्वद साली पतपेढीचं कर्ज काढून
त्यांनी कॅसेट केली. नऊ गाणी.
बुधवारात, तपकीर गल्लीच्या तोंडाशी,
माझ्या दुकानात तिच्या तीनशे प्रती निघाल्या.
तेव्हा प्रत काढायची म्हणजे
एक डेक पूर्ण वाजवणार, दुसरा उतरवून घेणार.
म्हणजे हिशेब करा,
मी खळदकर तीनशे वेळा ऐकले.

ए बाजू : पहाट, देशभक्ती, पुन्हा पहाट.
आवाज शून्यावर ठेवून मी काट्याकडे बघत बसायचो.
काटा लाल घरात गेला
की समजायचं, भावना आली.

बी बाजूचं चौथं सुरू व्हायच्या आधी
कुणीतरी खुर्ची सरकवतं.
मग नुसती पेटी, तीही दबकत,
आणि हा माणूस
खालच्या पट्टीत बोलल्यासारखा गाऊ लागतो.

गाणं सायकलचं.
होळकर पुलावर साखळी उतरलीय,
मागे बसलेली ती खाली उतरून कठड्याशी उभी,
हा काळ्या हातांनी साखळी चढवतोय,
मुद्दाम हळू.
एवढंच. प्रेमाचा शब्द नाही, चंद्र तर नाहीच.
दुसऱ्या अंतऱ्यात ‘थांब’वर आवाज जरा फाटतो,
ते सावरत नाहीत.
एक मात्रा रिकामी जाते.

पहिल्यांदा ऐकताना माझ्या हातात सोल्डर होतं.
बोटाला लागलं. डाग अजून आहे.

समोरचा बिपिन ओसवाल कॅल्क्युलेटर विकायचा,
गाण्याशी देणंघेणं नाही,
पण त्या चार मिनिटांना बरोबर चहा घेऊन यायचा.
संपलं की म्हणायचा, “मागं घे ना जरा.”
मी घ्यायचो. टेप झिजली असेल. असू दे.

मोठमोठे ऐकलेत मी, मफलर बांधून, रात्र रात्र.
पुष्कळ मिळालं.
पण तिथं मिळणारच होतं, तिकीट काढलेलं होतं.
हे म्हणजे कोटाच्या अस्तरात नोट सापडावी,
आणि कोट दुसऱ्याचा.

गेल्या दिवाळीत बोपोडीला गेलो त्यांच्याकडे.
वय एक्क्याऐंशी, कानाला यंत्र.
म्हटलं, ते सायकलचं गाणं...
“कुठलं?”
मग बऱ्याच वेळाने,
“हां, ते होय! अहो, तासाचे पैसे भरलेले,
टेपवर चार मिनिटं उरलेली.
तबलजी शेवटची बस गाठायला गेलेला, माझा घसा बसलेला.
म्हटलं, वाया कशाला घालवा.”

एवढं सांगून
ते गुडघ्यावर हात देत उठले
आणि मला ए बाजूचं पहिलं गाणं म्हणून दाखवलं.
पूर्ण. तिन्ही अंतरे. वरच्या सा सकट.

‘सायकल’ म्हटल्यावर
आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता,
तो आता पुन्हा सुरू झाला.

मी टाळ्या वाजवल्या.
खोट्या नव्हत्या त्या,
पस्तीस वर्षं उशिरा पोचल्या होत्या, इतकंच,
आणि शेजारच्या पत्त्यावर.