ठेवणं

पास्कू डिसोजा जहाजावरून कायमचा उतरला
तेव्हा त्याच्याबरोबर टीव्ही नव्हता, सेंटच्या बाटल्या नव्हत्या.
एक दांडा होता, सात फुटी, वीस किलोचा.
याचं तिकीट अर्धं की पूर्ण,
यावर कंडक्टर सावंतवाडीपासून
थेट वेंगुर्ल्यापर्यंत भांडला.

जाळ्यांच्या गोडाऊनमध्ये आमचा क्लास.
भिंतींना अजून सुक्या बांगड्याचा वास.
थाळ्या कमी पडल्या म्हणून रंगाच्या डब्यांत सिमेंट ओतलं,
एका बाजूला बसवलं
भंगारात गेलेल्या 'सांत आंतोन'च्या इंजिनाचं चाक,
दुसऱ्या बाजूला दोन डबे आणि हातभर साखळी.
तरी दांडा जरा डावीकडे कलायचा.
आम्ही अकराजणीही.

रविवारी व्यायाम नाही. रविवारी खोबरेल.
चिंधीनं दांड्याला चोळायचं, खाचाखाचांत,
नाहीतर खारा वारा आठवड्यात लोखंड खातो.
चोळलं तरी खायचाच.
बैठका मारून मारून माझ्या पांढऱ्या गणवेशावर,
मानेखाली, गंजाचा तांबूस पट्टा उमटला.
आईनं लिंबू-मीठ लावलं, दोनदा, मग नाद सोडला.
म्हणाली, पट्टे कमरेला बांधतात ना तुमच्यात?

आधी मी हलकी होते.
माझा ठोसा वेळेवर पोचायचा,
पण पाहुण्यासारखा, दारात चपला काढून.
सर पोट पुढे करून उभे राहायचे: मार.
मी मारायची. ते जांभई द्यायचे.
"तुझो हात बोलता गो. टाच गप."

म्हणून टाचेपासून सुरुवात.
जमीन खाली ढकल, दांडा आपोआप वर येतो, असं ते सांगत.
येत नसे.
दोन महिने काता बिघडला, वळणं जड झाली,
खांदे कानांना भिडले,
बंदराच्या पायऱ्या उतरताना मी कठडा धरायची.
मग एका मंगळवारी दांडा आला.

कुडाळला सेमीफायनल.
कणकवलीची दीक्षिता मेस्त्री एक पाऊल आत आली
आणि माझी टाच बोलली.
टाच, मांडी, खुबा, पाठ,
सहा महिन्यांचं गप्प बसलेलं सगळं एकदम.
तिचा ओठ फुटला.
पंचांनी माझ्याकडे बोट केलं. बाद.
ठोसा कातडीपाशी थांबवायचा असतो,
हे मला पहिल्या दिवसापासून पाठ होतं.
तिच्या गणवेशावर लाल, माझ्या गणवेशावर तांबूस.
ती रडली नाही. मी रडले.

परतीच्या एसटीत सर खिडकीबाहेर बघत म्हणाले,
"उचलूक सगळ्यांका येता. ठेवूक शिक."

गोडाऊनच्या माळ्यावर बावतीस झोपतो, सरांचा भाऊ.
रात्रभर समुद्रात, सकाळी घोरणं.
दांडा आपटला की तो टाचेनं फळ्या ठोकतो.
वर त्याची टाच, खाली आमची.

मी वजन निम्मं केलं.
वर एका श्वासात. खाली येताना चार आकडे:
इची, नी, सान, शी.
गुडघ्याखाली एक वीत अशी आहे
जिथे बोटं म्हणतात, पुरे, टाक.
तिथे टाकायचं नाही.
पाठ थरथरते. घाम पापणीवर येऊन थांबतो,
तोही शिकल्यासारखा.
आणि मग लोखंड टेकवायचं,
आख्खी गाभोळी न फुटू देता
ताटात सोडावी तसं.

दिवाळीनंतर चाक पुन्हा चढवलं.
साखळीची एक कडी तेवढी वाजायची,
तिला चिंधी बांधली.

काल दहा वेळा उचललं, दहा वेळा ठेवलं.
मग शिडी करकरली.
बावतीस खाली आला, लुंगीची गाठ धरून,
डोळ्यांत अर्धी झोप,
घामानं निथळणाऱ्या अकराजणींकडे बघत राहिला.
"मी म्हटलं," तो सरांना म्हणाला,
"क्लास बंद केलंस की काय रे?"