ढाल

बेळगुंदीच्या वाचनालयाला उत्कृष्टतेची ढाल मिळाली.
मष्णूकाकांच्या नावात पोटफोड्या ष नाही,
कोरणाऱ्यानं साधा श मारलाय.
काका म्हणाले, असूदे.
मांडीवर घेऊन बसनं आणली,
रताळ्यांच्या पोत्यांमधून.

परीक्षकांना नोंदवही दाखवली होती.
हत्तीचं पुस्तक नव्हतं दाखवलं:
सोंडेवर लाल मातीचे अंगठे,
शेवटचं पान केव्हाच गेलेलं,
तिथं डिंकानं चिकटवलेला वहीचा कागद,
कल्लव्वाचा शेवट, पेन्सिलीतला,
निम्मा मराठी, निम्मा कन्नड.
हत्ती घरी पोचतो.

ते पुस्तक सारखं कलंडतं.
ढाल त्याला टेकू म्हणून लावली.
कल्लव्वानं तिच्यात आधी आपले दात बघितले,
मग विचारलं,
"काका, ही परत कवा द्यायची?"

काका ड्रॉवरमध्ये तारखेचा शिक्का शोधायला लागले.